ओरेस्टची वही आणि सात नंबरची जागा

आमच्या डोलिन्या गावाहून आर्क्टिक समुद्रापर्यंत जायला साडेचार हजार किलोमीटर पडतात. ओरेस्ट बोडनारुकने हा प्रवास अकरा वेळा केला होता, आणि अकराही वेळा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून.

प्रवासाला लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं. अंगणात कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, उभा होता. तेरा फुटी, पांढरा, दोन्ही टोकांना गोल, इतका हुबेहूब अंड्यासारखा की त्याची बायको स्टेफा त्याला 'अंडं'च म्हणायची. ओढायला पिकअप होती. उत्तरेकडच्या खडीच्या रस्त्यावर दगड सुरीसारखे असतात म्हणून दोन जादा टायर होते, दिव्यांवर लावायला तारेची जाळी होती, डासांसाठी जाळीच्या टोप्या होत्या. आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची म्हणजे वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, दोनदा दोऱ्याने शिवलेली. कुठल्या गावात पेट्रोल मिळतं, कुठला पंप रविवारी बंद असतो, कुठल्या नदीवरची तराफ्याची फेरी जूनमध्ये कोणत्या आठवड्यात सुरू होते, कुठल्या पावरोटीवाल्या बाईकडे दालचिनीचा रोल ताटाएवढा असतो, सगळं त्यात होतं. ओरेस्टने एकतीस वर्षं गावच्या धान्यकोठारात वजनकाटा सांभाळला होता. तेव्हाचं ते रेखीव अक्षर वहीत ओळीने उभं होतं. वहीवरून कुणीही डोळे मिटून पार उत्तरेतल्या यूकॉनपर्यंत गेला असता. फक्त ओरेस्ट गेला नव्हता.

दर वर्षी काहीतरी निघायचं. पहिल्या वर्षी पुराने रस्ता वाहून गेला. दुसऱ्या वर्षी जंगलाला आग लागून सगळीकडे धूर. तिसऱ्या वर्षी स्टेफाच्या बहिणीचा गुडघा. चौथ्या वर्षी टायर. पाचव्या वर्षी नेमकं काय झालं ते आता कुणालाच आठवत नाही, पण काहीतरी गंभीर होतं हे नक्की.

गावच्या सहकारी दुकानाच्या मागे कॉफीचं एक टेबल आहे. रोज सकाळी साडेनऊला निवृत्त मंडळी तिथे जमतात, कॉफीचे पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरवतात, आणि मग दुपारपर्यंत जगाची दुरुस्ती करतात. या कट्ट्याचा म्होरक्या मेट्रो लुत्सिक. गव्हाची शेती मुलाकडे सोपवल्यापासून त्याला दुसऱ्यांच्या आयुष्यात लक्ष घालायला भरपूर वेळ होता.

"काय मग, कप्तान," मेट्रो म्हणायचा, "या वर्षी कुठपर्यंत पोचलास? गेल्या वर्षी तू सत्तर पानांपर्यंत गेला होतास ना?"

"चेष्टा कर तू. तयारीशिवाय त्या रस्त्याला लागलेले लोक वाटेत अडकतात."

"आणि तयारीसकट घरात बसलेले?"

कट्टा हसायचा. ओरेस्टही हसायचा. मग फासे टाकायची त्याची पाळी यायची आणि तो हटकून हरायचा.

कट्ट्याला चेष्टेसाठी आणखी एक विषय आयता मिळाला असता, तो म्हणजे ओरेस्टच्या कुंपणातलं भगदाड. घराच्या मागच्या बाजूला कारागानाची झुडपं गच्च लावलेली होती. ज्या वर्षी अंडं घरी आलं, त्याच वर्षी ओरेस्टने त्यातली नऊ फूट झुडपं मुळासकट उपटली. मागच्या गल्लीतून कॅम्पर आत यायचा, अंगणात थांबायचा आणि पुढच्या फाटकातून सरळ रस्त्यावर जायचा.

"ते भोक कशाला रे पाडलंस?" मेट्रोने एकदा विचारलं होतं.

"हवा खेळती राहावी म्हणून."

आमच्या मुलखात वारा वर्षातले तीनशे दिवस माणसाला पुढे ढकलत असतो. तिथे हवा खेळती राहावी म्हणून कुंपण तोडणारा माणूस हा पहिलाच. पण गंमत अशी की मेट्रोने त्यावर पुढे काहीच विचारलं नाही. एरवी गोष्टीचा शेवटचा दाणा टिपल्याशिवाय न उठणारा माणूस, त्या दिवशी कॉफीत साखर ढवळत बसला. साखर तो घेत नाही.

या वर्षी ईस्टरच्या आधी मात्र एक गोष्ट घडली. स्टेफा दर वर्षी उपवासाच्या दिवसांत अंडी रंगवायची. मेणाच्या बारीक लेखणीने अंड्यावर रेघा, त्रिकोण, हरणं, तारे. तिची आई करायची, आईची आई करायची. स्टेफाची रेघ गावात प्रसिद्ध होती. अंड्याला कंबरपट्टा घातल्यासारखी ती फिरून बरोबर जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. या वर्षी ती मिळाली नाही. स्टेफाने तीन अंडी बिघडवली, चौथं हातात घेऊन खिडकीशी गेली आणि म्हणाली, "ओरेस्ट, ही रेघ मध्येच खचलेली दिसते का तुला?"

ओरेस्टने पाहिलं. रेघ सरळ होती. ज्या ठिकाणी स्टेफाने ती सुधारायचा प्रयत्न केला होता, तिथे तेवढी वाकडी झाली होती.

सास्काटून शहरातल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. नजरेचा मधला भाग जातोय म्हणाले. कडेचं दिसत राहील. दर सहा आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे जायचं ते हळू जाईल. किती हळू, हे त्यांनी सांगितलं नाही आणि स्टेफाने विचारलं नाही. घरी आल्यावर तिने गाडीची आपली किल्ली खिळ्याला अडकवली. कुणी सांगण्याआधीच. मग चहा टाकला आणि म्हणाली,

"या जूनमध्ये जायचं. दोन इंजेक्शनांच्या मधले सहा आठवडे मोकळे आहेत. पुढच्या वर्षी तू एकटा जाऊन ये आणि काय काय होतं ते मला येऊन सांग."

"असं काय बोलतेस!"

"मग कसं बोलू? तुझ्या वहीसारखं? सविस्तर?"

ओरेस्टने त्याच दिवशी वही काढली. आता एक अडचण होती. वही स्टेफाला वाचता येईना. अकरा वर्षं ती ती वही चाळत आली होती, 'छान, छान' म्हणत मागे ठेवत आली होती. आता ती म्हणाली, "तू वाच. मी ऐकते."

तेव्हा रोज दुपारी जेवण आटोपलं की ओरेस्ट वाचायचा आणि स्टेफा करंजीसारख्या पिरोगीची पारी लाटत ऐकायची. हाताला सवय होती, त्याला डोळे लागत नव्हते. पहिल्या दिवशी ते अल्बर्टापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी अलास्काच्या महामार्गाला लागले. तिसऱ्या दिवशी वॉटसन लेकला, जिथे येणारा प्रत्येक जण आपल्या गावाची पाटी खांबाला ठोकून जातो. डोलिन्याची पाटी ओरेस्टने सहा वर्षांपूर्वीच रंगवून ठेवली होती. तिचा रंग आता उडायला लागला होता.

ऐकायला लागलं की माणसाला वेगळंच ऐकू येतं. पानं चाळताना स्टेफाला नद्या दिसल्या होत्या, गावं दिसली होती. आता कानावर पडत होतं ते असं:

"पेट्रोल. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. मोठं आवार. मुक्काम. जागा आरपार, सरळ पुढे निघता येतं. दुसरा मुक्काम. सगळ्या जागा आरपार. उपाहारगृह. मागे प्रशस्त वळण. नदीकाठचा तळ. रद्द."

"रद्द का?"

"डास."

"आणि तो तलावाकाठचा?"

"तोही रद्द. अस्वलं."

चौथ्या दिवशी डॉसन मागे पडलं, पाचव्या दिवशी उत्तरेच्या खडीच्या रस्त्याला लागले. स्टेफाचा लाटणं धरलेला हात थांबला.

"आता लिदाची जागा येईल ना?"

लिदा तिची शाळेतली मैत्रीण. वीस वर्षांपूर्वी ती त्या बाजूला जाऊन आली आणि तिथून तिने एक पोस्टकार्ड पाठवलं. काळे सुळक्यांचे डोंगर, खाली नदी, नदीच्या वळणावर एक छोटा तळ. मागे लिदाने लिहिलं होतं, 'सात नंबरची जागा. खिडकी उघडली की एवढंच दिसतं. तू असतीस तर बोलली नसतीस.' स्टेफाच्या आयुष्यात तिला गप्प करू शकेल असं कुणी म्हटलेली ही एकमेव गोष्ट. कार्ड तेव्हापासून फ्रिजवर चुंबकाखाली होतं. ही सगळी सफर मुळात त्या कार्डातूनच निघाली होती.

ओरेस्टने घसा खाकरला. "तो तळ रद्द केलाय मी."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. डास फार आहेत तिथे."

"आणि उरलेल्या यूकॉनात काय, फुलपाखरं आहेत?"

ओरेस्टने पान उलटलं.

"तिथे जागा कशी आहे, ओरेस्ट? आरपार?"

"तेवढं काही लिहिलेलं नाही."

"तू पंपावरच्या संडासाच्या दाराला कडी आहे की नाही तेही लिहिलंयस."

स्टेफाने हाताचं पीठ झटकलं. अकरा वर्षांचा सगळा रस्ता तिच्यासमोर सरळ उभा राहिला: आत जाणारा, बाहेर येणारा, आणि कुठेही मागे न वळणारा. कुंपणातलं भगदाडही दिसलं.

"ओरेस्ट," ती हळूच म्हणाली, "तुला कॅम्पर मागे घेता येत नाही."

ओरेस्टने वही मिटली. दोरा ओढून घट्ट केला. मग टेबलावरच्या पिठात बोटाने एक रेघ ओढली आणि पुसली.

"नाही," तो म्हणाला.

हे इतकं लपवण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. पण आमच्या मुलखात मूल चालायला शिकतं, मग ट्रॅक्टर चालवायला शिकतं, आणि बाराव्या वर्षी गव्हाने भरलेली गाडी रिव्हर्समध्ये कोठीच्या दाराशी इंचभरही न चुकता लावतं. ओरेस्ट शेतावर वाढला नव्हता. त्याचे वडील चर्चमध्ये भजनं म्हणायचे. त्यांच्या घरात गाडी म्हणून जी होती ती हातगाडी. पुढे तो कोठारात लागला. तिथे ट्रक एका दाराने आत येतात, काट्यावर चढतात, धान्य ओततात आणि दुसऱ्या दाराने निघून जातात. एकतीस वर्षांत हजारो ट्रक त्याच्या डोळ्यांसमोरून गेले आणि एकही मागे गेला नाही. बाराव्या वर्षी विचारायची गोष्ट विसाव्या वर्षी विचारायला लाज वाटते. चाळिसाव्या वर्षी तर तो प्रश्न उरतच नाही, त्याचं गुपित होतं. आणि एकाहत्तराव्या वर्षी त्या गुपितासाठी दोनशे पानी वही लागते.

"मला सांगायचं होतंस," स्टेफा म्हणाली. "माझ्या वडिलांनी, तातोने, मला दहाव्या वर्षी शिकवलं. ट्रॅक्टरमागे जोडलेली चार चाकांची गाडी. ती तर आणखी अवघड."

"म्हणूनच नाही सांगितलं."

स्टेफाला यावर रागवायचं होतं. अकरा उन्हाळे. त्या अकराही उन्हाळ्यांत तिला कार्डावरचा प्रत्येक सुळका मोजता आला असता. तिने ओरेस्टकडे पाहिलं. समोर पाहिलं तर त्याच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग दिसायचा, म्हणून तिने त्याच्या कानाच्या किंचित पलीकडे पाहिलं. मग चेहरा दिसला. चर्चमध्ये ओळ विसरलेल्या पोरासारखा.

"जाळी घाल त्या पिठावर," ती म्हणाली. "आणि आईस्क्रीमच्या रिकाम्या बादल्या घे. आहेत तेवढ्या."

बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमागे मोठं मैदान आहे. बर्फाचा मोसम संपला की तिथे चिटपाखरूही फिरकत नाही. आईस्क्रीमच्या पाच रिकाम्या बादल्या स्टेफाने दोन ओळींत मांडल्या. हे फाटक. यातून अंडं मागे न्यायचं.

"हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "वर नाही, खाली. अंड्याचं बूड ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात न्यायचा. बस्स. तातो म्हणायचा, डोकं वापरू नकोस, हात वापर."

"बस्स म्हणतेस तू!"

ओरेस्टने हात हलवला. अंडं विजेचा झटका बसल्यासारखं वळलं आणि पिकअपला काटकोनात येऊन उभं राहिलं. पहिली बादली गेली. लांब गाडी सावकाश चुकते, माणसाला विचार करायला वेळ देते. हे तेरा फुटी अंडं म्हणजे शेळीचं करडू होतं. तुम्ही इकडे बघेपर्यंत ते तिकडे.

"पुढे घे. सरळ कर. पुन्हा."

दुसरी बादली. तिसरी.

"तू आरशात बघतच नाहीयेस!"

"बघतोय! आरशात अंडंच दिसत नाही!"

"कारण तू मान वळवून मागच्या काचेतून बघतोयस. कडेला बघ, ओरेस्ट. जे पाहिजे ते कडेला आहे."

एवढं बोलून स्टेफा स्वतःच थांबली. मग मागे जाऊन उभी राहिली. डोक्याला लाल रुमाल बांधला होता, आरशात ठळक दिसावी म्हणून. डॉक्टरांनी तिच्यासाठी जेवढी नजर शिल्लक ठेवली होती, नेमकी तेवढीच या कामाला लागत होती.

पहिल्या दिवशी चार बादल्या चिरडल्या. एक वाचली, ती वाऱ्याने उडाली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते मैदानावर गेले तर तिथे बादल्या ठेवलेल्या होत्या. बारा. व्हॅनिलाच्या, चॉकलेटच्या, एक शेपूच्या लोणच्याची. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीत खडी भरलेली, आणि दोन ओळींत इतक्या सरळ मांडलेल्या की त्या शेतकऱ्यानेच मांडल्या असणार. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"तू कुणाला सांगितलंस?" ओरेस्टने विचारलं.

"मी? तूच सांगितलंस. नऊ फुटांचं भोक पाडून."

तिसऱ्या दिवशी सकाळी ओरेस्ट कट्ट्यावर दाराजवळची खुर्ची धरून बसला. मेट्रोने फासे पुढे सरकवले. पाऊस, गव्हाचा भाव, पाद्रीबाबांची नवी गाडी, सगळे विषय झाले. शेवटी मेट्रोने पोट चोळलं.

"हल्ली माझं पोट बरं नाही बुवा," तो म्हणाला. "घरातलं आईस्क्रीम एका दिवसात संपवायला लागलं. बायकोला बादल्या हव्या होत्या."

"आमच्याकडेही," पलीकडचा एक जण कपातून म्हणाला.

ओरेस्टने फासे टाकले, आणि त्या दिवशी तो कधी नव्हे ते जिंकला. कट्ट्याने एकमेकांकडे पाहिलं. आपण इतकी वर्षं त्याच्या गाडी मागे न घेता येण्यावर कधी हसलो नाही, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

मे संपेपर्यंत ओरेस्ट बादल्यांमधून जाऊ लागला. झोकात नाही, पण जाऊ लागला. तीनदा पुढे, चारदा मागे, तोंडाने 'खाली हात, खाली हात' असा जप. एका दुपारी त्याने कारागानाची सहा रोपं आणली आणि भगदाडात लावली. मग अंडं पुढच्या फाटकातून उलटं आत घेतलं. सातव्या प्रयत्नात. स्टेफाचं आंबट देठांच्या रुबार्बचं एक रोप गेलं, पण ती म्हणाली, तशीही त्याची पानं कडू होती.

त्यानंतर त्याने वही काढली, पहिल्या वर्षीचं पान उघडलं आणि 'रद्द' या शब्दावर आडवी रेघ मारली. तळ सांभाळणाऱ्या बाईंना फोन केला.

"सात नंबरची जागा मिळेल का? जूनच्या तिसऱ्या आठवड्यात?"

"मिळेल की. पण ती अरुंद आहे हं. मागे घेऊन लावावी लागते. जमेल ना?"

ओरेस्टने स्टेफाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती, म्हणजे त्याच्याकडेच बघत होती.

"बायको आहे बरोबर," तो म्हणाला.

नऊ जूनला ते निघाले. कट्ट्याने साडेनऊची कॉफी त्या दिवशी ओरेस्टच्या फाटकासमोर घडीच्या खुर्च्यांवर घेतली. मेट्रोने खिडकीतून एक बादली आत दिली. आत त्याच्या बायकोने केलेले कोबीचे रोल होते.

"बादली परत आण," तो म्हणाला. "सपाट करून आणू नकोस."

प्रवासाबद्दल सांगायचं तर वही बरोबर होती. पंप जिथे लिहिले होते तिथे होते, दालचिनीचा रोल ताटाएवढा होता, डोलिन्याची पाटी वॉटसन लेकला वारा न लागणाऱ्या खांबावर ठोकली गेली. एक टायर फुटला, तोही वहीत अंदाजलेल्या पट्ट्यातच. ओरेस्टला त्याचा थोडा अभिमान वाटला.

तेराव्या दिवशी दुपारी ते नदीच्या वळणावर पोचले. सात नंबरची जागा खरोखरच अरुंद होती. एका बाजूला स्प्रूसची झाडं, दुसऱ्या बाजूला दगड, मागे उतार, उताराखाली नदी. शेजारच्या जागेवरचं एक जोडपं चहाचे कप घेऊन बाहेर येऊन उभं राहिलं. अशा वेळी लोकांना का कोण जाणे नेमका चहा हवा असतो.

स्टेफा उतरली. तिने लाल रुमाल बांधला आणि मागे जाऊन, दगड आणि झाड यांच्या मधोमध उभी राहिली. डास ढगासारखे होते. त्या बाबतीत ओरेस्ट खोटं बोलला नव्हता. तिने टोपीची जाळी खाली ओढली आणि हात वर केला.

ओरेस्टने स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात ठेवला.

पाचदा पुढे, सहादा मागे. एकदा झाडाची फांदी अंड्याला घासली तेव्हा शेजारच्या माणसाने मदतीला पाऊल उचललं. त्याच्या बायकोने त्याची बाही धरली. सहाव्यांदा स्टेफाचा हात हवेत थांबला आणि हळूच मुठीत मिटला. ओरेस्टने इंजिन बंद केलं. त्याच्या पाठीला शर्ट चिकटला होता.

आत जाऊन त्याने खिडकी उघडली. कार्डावर होते तेच डोंगर. काळे, सुळक्यांचे, खांद्यावर बर्फ. स्टेफा बाकावर बसली. तिने डोंगराकडे पाहिलं, मग मान किंचित डावीकडे वळवली, नदीच्या अलीकडच्या झाडांकडे, आणि तशीच बसून राहिली. डोंगर पाहायचा तर आता डोंगराकडे बघून चालत नव्हतं.

बराच वेळ ती काही बोलली नाही.

ओरेस्टने वही काढली, सात नंबरच्या जागेचं पान काढलं आणि जिथे अकरा वर्षं कोरं होतं तिथे रेखीव अक्षरात लिहिलं: 'जागा अरुंद. मागे घेऊन लावावी लागते.' थोडा विचार केला आणि पुढे लिहिलं: 'डास.'

"काय लिहितोयस?" स्टेफाने मान न हलवता विचारलं.

"डोंगर किती लांब आहेत ते."

"मग नीट लिही," ती म्हणाली. "मला पुढच्या वर्षी ऐकायचंय."